राखाडी रंग सगळ्यात वर

पुरात किंवा वादळात मोठ्या रुग्णालयाचं काय झालं ते सगळ्यांना कळतं. त्यांच्याकडे ऑपरेटर असतो, अधिकारी असतात, दारात कॅमेरे येऊन उभे राहतात. लहान दवाखान्याचं तसं नसतं. तिथे एक डॉक्टर, दोन नर्स, एखादा मदतनीस. डॉक्टरही काही ठिकाणी ठरलेल्या वारीच येणार. पाणी चढायला लागलं की हीच माणसं औषधांची खोकी वरच्या फळीवर चढवतात, रुग्णांना हलवतात, आणि नेमका त्याच वेळी त्यांचा फोन वाजतो. ‘तुमची सद्यस्थिती सांगा.’

तो फोन करणाऱ्यांत मी होते. अशा चाळीसेक लहान दवाखान्यांच्या एका जाळ्याचा नियंत्रण कक्ष आम्ही काही जण सांभाळतो. कुठला दवाखाना चालू, कुठला बंद, कुणाला काय हवंय हे वर कळवायचं आणि मदत खाली पोचवायची, हे आमचं काम. फोन आणि फळा यांवर चालणारं हे काम आम्ही साध्या फॉर्मवर आणि शीटवर कसं आणलं, त्यात काय जमलं आणि काय अजून अडलंय, ते लिहिते आहे.

आधीची पद्धत अशी. वादळ येऊन गेलं की यादी वाटून घ्यायची आणि फोन लावत सुटायचं. जे कळेल ते फळ्यावर. त्याच दवाखान्याला त्याच सकाळी औषध भांडाराचा फोन, लस विभागाचा फोन, वरच्या कार्यालयाचा फोन. सगळे तेच विचारणार, फक्त शब्द वेगळे. चौथ्या फोनला सिस्टर म्हणायच्या, ‘मॅडम, मघाशीच सांगितलं की हो सगळं. तुम्ही आपसात बोलत नाही का?’ यावर देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नसायचं.

शिवाय व्हॉट्सॲपचा ग्रुप होताच. त्यावर ‘सर्व ठीक’, हात जोडलेले, पाण्याचे व्हिडिओ (कुठले आणि कुठल्या वर्षीचे, देव जाणे), आणि या सगळ्याच्या मधे एक ओळ: ‘ऑक्सिजन संध्याकाळपर्यंतच पुरेल.’ ही ओळ दहा मिनिटांत वर सरकून दिसेनाशी होते. ग्रुप वाईट नाही, आम्ही तो अजूनही वापरतो. पण त्यावरून आत्ता कुणाची काय अवस्था आहे हे काढायचं म्हणजे सगळा ग्रुप पुन्हा वाचायचा. वर पाठवायची एक्सेल फाइल तर वेगळंच प्रकरण होतं. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम नवीन २’, आणि बैठकीत उघडली जायची ती भलतीच.

पण खरं दुखणं याहून खोल होतं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात; आमचं तेच चाललं होतं. ज्याचा फोन लागतो, ज्याला आवाज चढवता येतो, त्याच्याकडे डिझेल आधी जायचं. ज्यांचा फोनच लागत नाही त्यांचा रकाना फळ्यावर कोरा राहायचा. कोऱ्या रकान्याकडे बघून कुणाच्या पोटात गोळा येत नाही. ‘काही असतं तर कळवलं असतं’ असं आपण मनाशी म्हणतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. ज्याला कळवण्याचंही साधन उरलेलं नाही, त्याच्याबद्दल आपण असं म्हणत असतो.

तयार प्रणाल्या जगात आहेत आणि चांगल्या आहेत. ओस्लो विद्यापीठात वाढलेली डीएचआयएस-२ अनेक देशांची आरोग्य खाती रोजच्या आकडेवारीसाठी वापरतात. केनियात २००८ साली निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात जन्मलेलं उशाहिदी लोकांचे निरोप नकाशावर मांडतं. जागतिक आरोग्य संघटनेची हेराम्स ही पद्धत तर याच कामासाठी आहे: संकटग्रस्त भागात कुठल्या आरोग्य केंद्रात कुठली सेवा मिळते आहे आणि मिळत नसेल तर का, हे नोंदवण्यासाठी. हेराम्समधून आम्ही एक गोष्ट सरळ उचलली. दवाखाना नुसता ‘चालू की बंद’ विचारायचा नाही. पूर्ण, अंशतः की बंद ते विचारायचं, आणि लगेच कारण विचारायचं. माणसं नाहीत, सामान नाही, उपकरण बिघडलं की इमारतच गेली? बंद असलेल्या दोन दवाखान्यांपैकी एकाला नर्स हवी असते आणि दुसऱ्याला पंप.

साधन निवडताना आमची अट एकच होती. रात्री दोन वाजता काही बिघडलं तर ड्यूटीवरच्या माणसाला ते स्वतः दुरुस्त करता आलं पाहिजे. या अटीत ऑनलाइन फॉर्म, सामायिक शीट आणि एसएमएस एवढंच बसत होतं.

कामाला लागल्यावर कळलं की फॉर्म बनवणं ही दुपारभराची गोष्ट आहे आणि दवाखान्यांची यादी बनवणं हे खरं काम. आमच्याकडे निरनिराळ्या विभागांच्या याद्या होत्या आणि एकही दुसरीशी जुळत नव्हती. एकाच नावाचे दोन दवाखाने. एकाच दवाखान्याची तीन स्पेलिंगं. बदलून गेलेल्या डॉक्टरांचे नंबर. स्थलांतर झालेल्या इमारतीचा जुना पत्ता. प्रत्येक दवाखान्याला तीन आकडी क्रमांक दिला आणि त्यापुढे दोन माणसांचे नंबर लिहिले, दोन वेगवेगळ्या मोबाइल कंपन्यांचे, म्हणजे एकीचा टॉवर पडला तर दुसरा लागेल. शेजारी आणखी एक रकाना घातला: दवाखान्याजवळ राहणारं, पण दवाखान्यात काम न करणारं एखादं माणूस. कुणी दुकानदार, कुणी शिक्षक. त्यांना विचारून, त्यांच्या संमतीनं. हा रकाना पुढे फार कामाला आला.

दवाखान्याचं नाव फॉर्ममध्ये टाइप करायला कुणालाही सांगायचं नाही, हे पक्कं ठरवलं. गूगल फॉर्ममध्ये आधीच उत्तर भरलेली लिंक तयार करता येते. तशी प्रत्येक दवाखान्याची वेगळी लिंक काढली, क्रमांक आत भरलेला. सिस्टरनी लिंक उघडली की फॉर्मला आधीच ठाऊक असतं की हा दवाखाना ०१७. एवढ्याशा गोष्टीनं नंतरची निम्मी डोकेदुखी गेली.

मग प्रश्न. वरच्या कार्यालयाचा तयार नमुना होता, कित्येक पानी. त्यात खाटा किती, शौचालयं किती, मंजूर पदं किती असं सगळं होतं. खाटा वादळानं वाढत नाहीत. ते यादीत एकदा लिहून ठेवायचं, दर सहा तासांनी विचारायचं नाही. आम्ही एकेक प्रश्न घेतला आणि त्याच्यासमोर लिहायला लागलो: याचं उत्तर आलं की कोण काय करणार? करणारं कुणी सापडलं नाही की प्रश्न बाद. बरेच प्रश्न गेले, नऊ उरले. सेवा पूर्ण, अंशतः की बंद, कारण, वीज कशावर, डिझेल किती तासांचं, पिण्याचं पाणी, लसींच्या फ्रीजचं तापमान, हलवायचे रुग्ण, रस्ता, आणि सगळ्यात तातडीची एक गरज, मोकळ्या शब्दांत.

यातल्या डिझेलच्या प्रश्नावर थोडं थांबते. जुन्या नमुन्यात ‘जनरेटर आहे का?’ एवढंच होतं, आणि सगळीकडून ‘हो’ यायचं. जनरेटर असणं आणि वीज असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०१२ साली सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात हेच झालं. जनरेटर तेराव्या मजल्यावर, पाण्यापासून सुरक्षित. पण त्यांना इंधन चढवणारे पंप तळघरात, आणि तळघरात पाणी. माणसांनी जिन्यावर साखळी धरून हातोहात इंधन वर पोचवलं, आणि अखेर रुग्णालय रिकामं करावंच लागलं. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत. म्हणून आम्ही ‘आहे का’ हा शब्द फॉर्ममधून काढूनच टाकला. आता विचारतो, ‘आत्ता जेवढं डिझेल आहे त्यावर किती तास?’ आकडा आला की टँकरवाल्याला कुठे आधी जायचं ते कळतं. ‘सहा’ आणि ‘तीस’ यांत फरक करता येतो. ‘हो’ आणि ‘हो’ यांत काय करणार?

फ्रीजचंही तसंच. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हव्यात. ‘फ्रीज चालू आहे का’ याला अर्थ नाही, कारण वीज गेल्यावरही चांगला फ्रीज दार न उघडता बराच वेळ तग धरतो, आणि चालू असलेला फ्रीज बिघडलेलाही असू शकतो. बाहेरच्या काट्यावरचं तापमान विचारायचं. आकडा सातच्या पुढे सरकायला लागला की जवळच्या दवाखान्यात लसी हलवायची तयारी सुरू करायची, आठ ओलांडायची वाट बघायची नाही.

‘अंशतः’ या पर्यायानं मात्र आमची चांगलीच परीक्षा घेतली. पहिल्या तालमीत, म्हणजे पूर आला आहे असं धरून केलेल्या सरावात, एका सिस्टरनी ‘बंद’ भरलं. इमारतीत पाणी, कुलूप लावलेलं. पण त्या स्वतः शेजारच्या शाळेत टेबल टाकून रुग्ण तपासत बसल्या आहेत असं तालमीच्या कथेत होतं! दुसरीकडे इमारत धडधाकट, दार उघडं, फॉर्मवर ‘पूर्ण सुरू’, आणि आत फक्त मदतनीस. तेव्हा प्रश्नाची भाषा बदलली. ‘या घडीला रुग्ण आला तर त्याला कुणी बघेल का? कुठे? टाके घालता येतील का? बाळंतपण करता येईल का?’ याच्या उत्तरांवरून पूर्ण, अंशतः, बंद हे शीट स्वतः ठरवतं. इमारतीची स्थिती आणि सेवेची स्थिती एक नसते, हे नऊ प्रश्नांच्या फॉर्मनं शिकवलं.

आता मार्ग. गूगल फॉर्म पाठवायला इंटरनेट लागतं, आणि नेमकं तेच आधी जातं. २०१७ साली मारिया वादळानंतर पोर्तो रिकोमध्ये ९५ टक्क्यांहून अधिक मोबाइल टॉवर बंद पडले होते. हे वाचल्यावर कुठलाही एक मार्ग पुरेसा मानणं शक्य नव्हतं. ज्या दवाखान्यांपर्यंत पथक जातं त्या पथकाच्या फोनवर कोबोटूलबॉक्सचा फॉर्म ठेवला. तो रेंज नसतानाही भरता येतो, फोनमध्ये साठून राहतो आणि रेंज आली की जातो. दवाखान्यांसाठी लिंक. लिंक चालत नसेल तर एसएमएस. एसएमएसही जात नसेल तर कागद, त्याच नऊ प्रश्नांचा, त्याच क्रमानं, जो कुणीही येणाऱ्या गाडीबरोबर पाठवायचा. मार्ग कुठलाही असो, उत्तर एकाच शीटमध्ये उतरलं पाहिजे. हा नियम आम्ही कधी मोडला नाही.

एसएमएसला सगळे म्हातारा म्हणतात. पहिला एसएमएस गेला १९९२ साली, तेव्हा म्हातारा आहेच. पण रेंजची एक कांडी येऊन-जाऊन असली तरी तो निघतो, आणि समोरचा फोन बंद असेल तर नेटवर्क तो काही काळ धरून ठेवतं. त्याची एक खोड मात्र माहीत हवी. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. देवनागरी लिहिलं की बहुतेक फोनवर ही मर्यादा ७० वर येते, त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, आणि सगळ्या मजकुरात एकच देवनागरी अक्षर असलं तरी हाच हिशोब लागतो. लांब निरोप तुकड्यांत जातो, आणि नेटवर्कवर गर्दी असली की सगळे तुकडे वेळेत पोचतीलच असं नाही. म्हणून आम्ही आकड्यांचा निरोप ठरवला. उदाहरणार्थ, ‘०१७ २ २ ०६ १ ०’ (मोबाइलवर अर्थातच इंग्रजी आकडे). दवाखाना सतरा, सेवा अंशतः, वीज जनरेटरवर, डिझेल सहा तासांचं, पाणी आहे, रस्ता बंद. या क्रमाचं प्लास्टिक चढवलेलं कार्ड प्रत्येक दवाखान्यात भिंतीला लावलं.

आणि त्याच वेळी हेही ठरवलं की ज्याला कोड जमणार नाही त्याचा निरोप परत पाठवायचा नाही. हैतीच्या २०१० च्या भूकंपात ४६३६ या नंबरवर लोकांनी आपल्या भाषेत, सुचेल तसे एसएमएस पाठवले आणि स्वयंसेवकांनी बसून त्यांचा अर्थ लावला. संकटातल्या माणसानं आपला नमुना पाळावा ही अपेक्षाच चुकीची. ‘पाणी आत आलं वर गेलोय सगळे’ असा निरोप आला तरी तो अहवालच आहे. कक्षातला माणूस तो फॉर्ममध्ये भरतो आणि न समजलेलं तेवढंच विचारतो. एसएमएस आपोआप शीटमध्ये ओढणाऱ्या सोयी मिळतात, पण चाळीस दवाखान्यांचं काम हातानं होतं, आणि हातानं भरणारा माणूस ते वाचतोही.

नऊ प्रश्नांखेरीज एक बारीकसा रकाना यातूनच जन्माला आला: ‘ही स्थिती किती वाजताची?’ फॉर्म आपली वेळ आपोआप टाकतो, पण ती भरल्याची वेळ. सकाळी लिहिलेला एसएमएस दुपारी पोचला आणि दुपारी भरला गेला, तर शीट त्याला दुपारची बातमी समजणार. मधल्या वेळात डिझेल संपलेलंही असेल.

आता शीट. येणारी उत्तरं एका पानावर खाली खाली साठत जातात; त्या पानाला कुणी हात लावायचा नाही. दुसरं पान प्रत्येक दवाखान्याची सगळ्यात ताजी ओळ तेवढी उचलतं आणि रंगवतं. पूर्ण हिरवा, अंशतः पिवळा, बंद लाल. आणि ज्याची बातमी सहा तासांपेक्षा जुनी झाली तो राखाडी, आधी कुठल्याही रंगाचा असो. हिरवा रंग कायमचा नसतो, तो शिळा होतो.

राखाडी ओळी मी सगळ्यात वर ठेवल्या. आमच्या साहेबांना ते पटेना.

‘लाल वर हवेत ना? राखाडीबद्दल तर आपल्याला काही माहितीच नाही.’

‘म्हणूनच वर, सर. लाल दवाखान्याला काय हवंय ते माहीत आहे, त्याची गाडी निघालीय.’

‘वरच्या कार्यालयाला पहिल्याच पानावर एवढा राखाडी दाखवायचा? आपण कामच करत नाही असं वाटेल त्यांना.’

हा मुद्दा बिनमहत्त्वाचा नव्हता. माहिती नाही हे कबूल करणं कुठल्याच कार्यालयाला आवडत नाही. पण पुढच्या तालमीपर्यंत राखाडी वरच राहील एवढी मुभा त्यांनी दिली, आणि पुढे तो विषय निघाला नाही.

तालमीत एक गंमत उघड झाली. आम्ही मुद्दाम सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं होतं, म्हणजे सहा तासांनी पान राखाडी व्हायला हवं. पान हिरवंगार. कारण शोधलं ते रात्रपाळीच्या मुलानं. ‘आत्ता किती वाजले’ हे सांगणारं सूत्र शीटमध्ये काही बदल झाला तरच पुन्हा मोजतं, हे मूळ सेटिंग. कुणीच काही भरत नाही, म्हणजे बदल नाही, म्हणजे शीटचं घड्याळही थांबलेलं! सगळीकडून शांतता झाली की नेमकं तेव्हाच पान ‘सगळं छान’ म्हणत राहणार. सेटिंगमध्ये ‘दर मिनिटाला’ असा पर्याय आहे, तो निवडला की प्रश्न मिटतो. तिथेच शेजारी शीटचा टाइम झोन असतो. तोही बघून घ्यावा, नाहीतर सगळेच दवाखाने काही तास ताजे किंवा शिळे दिसतात.

दर महिन्याला ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी एक अहवाल भरायचा, काही घडलेलं नसलं तरी, ही सवय लावली. सुरुवातीला कुरकुर झाली. पण संकटात माणूस नवीन लिंक शोधत बसत नाही, हाताला सवय असलेलंच करतो. मासिक अहवालाचा आणखी एक फायदा म्हणजे बदललेले नंबर त्यातच सापडतात.

मग खरा पूर आला. पहिल्या रात्री शीटकडे बघताना जे दिसलं ते फळ्यावर कधी दिसलं नसतं. राखाडी ओळी विखुरलेल्या नव्हत्या, एका पट्ट्यातल्या सगळ्या दवाखान्यांच्या होत्या, आणि त्यांची शेवटची बातमी जवळजवळ एकाच वेळची. दवाखाने एकाच मिनिटाला बुडत नाहीत. टॉवर गेला असणार. म्हणजे तिथले दवाखाने कदाचित ठीक असतील, कदाचित नसतील, पण फोन लावत बसण्यात अर्थ नाही, माणूसच पाठवायला हवा. एरवी आम्ही त्या पट्ट्यात रात्रभर नंबर फिरवत बसलो असतो. त्याऐवजी पहाटे पथक निघालं, फोनमध्ये कोबोचा फॉर्म आणि पिशवीत कागद घेऊन. पट्ट्याबाहेर एक एकटाच राखाडी होता. त्याच्यासाठी यादीतल्या शिक्षकांना फोन लावला. ते छत्री घेऊन जाऊन आले आणि म्हणाले, ‘दवाखाना उघडा आहे, सिस्टर आहेत, त्यांचा मोबाइल पाण्यात पडलाय. मी माझ्या फोनवरून लावून देतो, बोला.’ ती ओळ राखाडीची पिवळी झाली.

पट्ट्यातून परत आलेलं चित्र मिश्र होतं. काही दवाखाने व्यवस्थित चालू होते आणि आम्ही एवढे काळजीत का, याचंच त्यांना नवल. एकात मात्र जनरेटर बंद पडला होता, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरच्या (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं, विजेवर चालणारं यंत्र) रुग्णाला सिलिंडरवर घेतलं होतं आणि तेही संपत आलं होतं. पथकाबरोबर सिलिंडर होतं. ते बरोबर असण्याचं कारण एवढंच की यादीत त्या दवाखान्यापुढे कॉन्सन्ट्रेटरची नोंद होती.

दुसऱ्या दिवशी एका सिस्टरनी फोनवर विचारलं, ‘मॅडम, आम्ही सकाळ-संध्याकाळ भरतोय. पुढे होतं काय त्याचं?’ त्यांना काहीच दिसत नव्हतं. भरलं की फॉर्म ‘धन्यवाद’ म्हणायचा आणि संपलं. त्याच दुपारी शीटला दोन रकाने जोडले, ‘काय केलं’ आणि ‘कुणी, किती वाजता’, आणि फक्त बघता येईल अशी लिंक सगळ्या दवाखान्यांना दिली. ‘डिझेल निघालं, चारपर्यंत पोचेल.’ ‘रस्ता उद्याच मोकळा होईल, लसी शेजारच्या दवाखान्यात हलवा.’ जिथे काहीच झालेलं नव्हतं तिथे तो रकाना रिकामा दिसू लागला, सगळ्यांना. कक्षातल्या आम्हाला ते थोडं टोचलं, पण त्यानंतर अहवालासाठी आठवणीचे फोन जवळजवळ करावे लागले नाहीत. आणि एक अनपेक्षित गोष्ट झाली. शेजारच्या दवाखान्याची पिवळी ओळ बघून एकानं आपल्याकडचं सलाइन परस्पर पाठवून दिलं, आम्हाला नंतर कळलं. मला ते फार आवडलं. साहेबांना नोंदीचा प्रश्न पडला, तोही योग्यच.

लिंक उघडी करताना एक काळजी घ्यावी लागली. तातडीच्या गरजेच्या मोकळ्या रकान्यात लोक रुग्णाचं नाव, वय, आजार सगळं लिहितात, मनापासून लिहितात. म्हणून दवाखान्यांना दिसतं त्या पानावर तो रकाना नाही, आणि फॉर्मवर ठळक ओळ आहे: रुग्णाचं नाव लिहू नका. जिथे हल्ल्यांची भीती असते अशा भागात तर कुठला दवाखाना कुठे आणि किती चालू आहे हीच माहिती जपावी लागेल, तिथे आमच्यासारखी उघडी लिंक चालणार नाही.

मूळ फॉर्म आणि शीट एका सहकाऱ्याच्या खासगी खात्यावर तयार झाली होती. त्यांची बदली ठरल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की खातं त्यांच्याबरोबर जाणार. आता ते कक्षाच्या सामायिक खात्यावर आहे, पासवर्ड दोन ठिकाणी बंद पाकिटात, आणि दर सहा तासांनी शीटची एक छापील प्रत निघते. इंटरनेट आमच्याही इमारतीचं जाऊ शकतं.

सगळं सुटलंय असं नाही. एक कार्यालय अजूनही आपल्याच एक्सेल नमुन्यात माहिती मागतं, आणि रात्रपाळीचा मुलगा शीटवरून ती हातानं उतरवतो. खासगी दवाखाने आमच्या यादीत नाहीत, आणि पुरात लोक जवळ असेल तिथे जातात, यादी बघून जात नाहीत. त्यांच्यातल्या काहींशी बोलणं सुरू आहे. पुढच्या तालमीत एका पट्ट्याला आधी न सांगता मोबाइल बंद ठेवायला लावायचं आहे, कागदाचा मार्ग खरंच चालतो का ते बघायला.

फॉर्ममध्ये भर घालायच्या सूचना दर बैठकीत येतात. छायाचित्र जोडा, अक्षांश-रेखांश घ्या, कर्मचाऱ्यांची उपस्थिती घ्या. मी नाही म्हणत नाही. एक कोरा कागद पुढे करते: प्रश्न लिहा, आणि उत्तर आल्यावर कोण काय करणार ते समोर नावानिशी लिहा, लगेच जोडते. कागद बरेच गेलेत, भरून एकही आलेला नाही. फॉर्म अजून नऊ प्रश्नांचाच आहे.